कुंदाच्या लायसन्सवर मॉरिशस

लालबागच्या मसाला गल्लीत तीस वर्षं ज्या बाईने व्हॅन रिव्हर्स घेतली आहे, तिला जगातल्या कुठल्याही रस्त्याची भीती घालू नये. एका बाजूला मिरच्यांची पोती, दुसऱ्या बाजूला डंकावर मसाला कुटायला नंबर लावून उभ्या असलेल्या बायका, मागे हातगाडी, आणि गल्लीच्या तोंडाशी "येऊ दे, येऊ दे" म्हणत स्वतःच वाटेत उभा असलेला एखादा हितचिंतक. हे आधीच सांगून टाकते, कारण आम्ही मॉरिशसभर स्वतः गाडी चालवत फिरलो म्हटलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मिस्टरांनी चालवली का?"

मिस्टरांना सायकलसुद्धा येत नाही. आमचे हे, म्हणजे प्रदीप तावडे, सरकारी कचेरीत नोंदणी कारकून होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझा घरगुती मसाल्यांचा धंदा, त्यांची फाईल. फाईल म्हणजे साधीसुधी नाही. प्लास्टिकचे कप्पे, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षर. माणूस बडबडतो, कागद बोलतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली निम्मी मी कागदांशीच संसार केला.

मॉरिशस आम्ही निवडलं ते याच फाईलच्या सल्ल्याने. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर फुकट शिक्का मिळतो. पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग, खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा आणि निघण्याआधी भरलेला ऑनलाइन फॉर्म, एवढं जवळ असलं की झालं. गाडी आपल्यासारखीच रस्त्याच्या डावीकडून चालते. शिवाय थोड्या दिवसांच्या पाहुण्याला आपल्या देशाचं लायसन्स चालतं. जाणाऱ्यांनी नियम एकदा पुन्हा तपासून घ्यावेत, कारण नियम आमच्या ह्यांना विचारून बदलत नाहीत.

सगळे कागद जागच्या जागी होते. फक्त एका कागदात गोम होती, आणि ती मला एकटीलाच माहीत होती.

ताडदेव

पासपोर्टवर माझं नाव आहे प्रतिभा प्रदीप तावडे. लायसन्सवर आहे कुंदा विठ्ठल घाग.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं. ह्यांच्या नावाला जुळतं म्हणून मी प्रतिभा झाले. आडनाव बदलणार हे ठाऊक होतं, पण जे नाव ऐकून मी बावीस वर्षं मागे वळून बघत होते तेही त्या दिवशी तांदळात गेलं. संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला असेल.

लायसन्स मात्र लग्नाआधीचं. माझे बाबा गिरणीच्या लॉरीवर ड्रायव्हर होते. सुट्टीच्या दिवशी गिरणीच्या आवारात त्यांनी मला शिकवलं, आणि अठरा पूर्ण झाल्याच्या आठवड्यात ताडदेवच्या आरटीओत परीक्षेला नेलं. साहेबाने विचारलं, "मुलगी लॉरी चालवणार?" बाबा म्हणाले, "ती काय चालवेल ते ती ठरवेल. तुम्ही फक्त पास करा." पुढे प्रत्येक नूतनीकरणाला मी जुन्याच नावाने सही करत गेले. आधी आळस म्हणून, नंतर मुद्दाम. बाबा गेले. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आणि त्यानंतर मला कुंदा म्हणून हाक मारणारं पृथ्वीच्या पाठीवर कुणी उरलं नाही. उरलं ते फक्त ते कार्ड.

ह्यांना ही तफावत तिकिटं काढल्यावर दिसली. "अगं, गाडी भाड्याने देणारे पासपोर्टशी नाव जुळवतात. उद्याच्या उद्या ताडदेवला जा आणि बदलून घे."

गेले. फॉर्म भरला, रांगेत उभी राहिले. खिडकी आली तेव्हा मी आतल्या माणसाला विचारलं, "जुनं कार्ड परत मिळतं का?"

"नाही मॅडम, जुनं जमा. नवीन कार्डावर नवीन नाव."

मी फॉर्म परत मागून घेतला. तो म्हणाला, "एवढी रांग लावून?" मी म्हटलं, "हो, एवढी रांग लावून."

घरी आले तर हे दारातच. "झालं?" मी म्हटलं, "झालं." एकतीस वर्षांत मी ह्यांच्याशी बोललेलं हे पहिलं मोठं खोटं, आणि तेही एका शब्दाचं. लायसन्स माझ्याजवळच राहू दे म्हटलं, आणि आमचं जुनं लग्नाचं प्रमाणपत्र हळूच कपाटातून काढून तेही पर्समध्ये ठेवलं. त्यावर माझी दोन्ही नावं आहेत. सगळं हाताने लिहिलेलं, आणि सगळं मराठीत.

विमानतळ

विमानात हे गाढ झोपले. मला कसली झोप येते? चोराच्या मनात चांदणं.

पासपोर्टच्या खिडकीवर काही अडलं नाही. कस्टमला मात्र मी हात दाखवून अवलक्षण केलं. फॉर्ममध्ये खाण्याच्या वस्तू आहेत का असं विचारलं होतं, म्हणून मी प्रामाणिकपणे मालवणी मसाल्याची सीलबंद पाकिटं काढून टेबलावर मांडली. अधिकाऱ्याने एक पाकीट नाकाशी नेलं, दाबलं, आणि त्याला अशा काही शिंका सुरू झाल्या की शेजारचा अधिकारी खुर्ची घेऊन लांब सरकला. डोळे पुसत त्याने हातानेच आम्हाला पुढे जायला सांगितलं. माझ्या मालाचा याहून चांगला अभिप्राय मला अजून मिळालेला नाही.

बाहेर गाड्या भाड्याने देणाऱ्यांची काउंटरं होती. आमच्या काउंटरवर चाळिशीच्या एक बाई, शर्टावर नावाची पट्टी: देवी सकाराम. मोडक्या हिंदीत आणि बऱ्या इंग्रजीत आमचं बोलणं झालं, ते इथे मराठीतच देते.

ह्यांनी फाईल उघडून पासपोर्ट दिले. मी लायसन्स दिलं. देवीबाईंनी दोन्ही शेजारी ठेवले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदांकडे पाहिलं. "मॅडम, ह्या दोन वेगळ्या बायका आहेत."

ह्यांनी वाकून कार्ड वाचलं. त्यांचा चेहरा असा काही झाला की मला माझ्या गुन्ह्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

"हे काय आहे?"

"लायसन्स."

"बदललं होतंस ना? झालं म्हणालीस!"

"रांगेत उभं राहून झालं, असं म्हणाले मी."

"मी तीस वर्षं लोकांची नावं नोंदवली, आणि माझ्याच घरात..." त्यांनी फाईल बंद केली. टप्पकन आवाज झाला.

देवीबाई म्हणाल्या की नावं जुळत नसतील तर गाडी देता येणार नाही. विमा लायसन्सवाल्या चालकाचा असतो, आणि तो चालक म्हणजे मीच, हे कागदावर दिसायला हवं. मी पर्समधून प्रमाणपत्र काढून पुढे सरकवलं. मराठी अक्षर बघून त्या हे बाजूला ठेवतील आणि आपण टॅक्सीच्या रांगेत उभे राहू, अशी माझी जवळजवळ खात्रीच होती.

त्यांनी कागद उचलला. डोळे बारीक केले. "हे मराठी आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही मराठीच आहोत. घरी क्रिओल बोलतो, पण शाळेत मी सहा वर्षं मराठी शिकले." आणि एकेका अक्षराखाली बोट धरून पहिलीतल्या मुलीसारख्या त्या मोठ्याने वाचायला लागल्या. "व-धू-चे... वि-वा-हा-पू-र्वी-चे... ना-व. कुं... दा." त्यांनी मान वर केली. "कुंदा?"

माझ्या तोंडातून निघालं, "हजर!"

आणि मला रडू आलं. परक्या देशात, काउंटरवर, मागे रांग लागलेली असताना. आई गेल्यापासून ती पहिली हाक होती. ते वाचन होतं, हाक नव्हती, हे मला कळत होतं, पण कानाला कोण समजावणार?

देवीबाईंनी घाई केली नाही. स्वतःच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या, "सकाराम हे आडनाव नाहीच. आमचा खापरपणजोबा रत्नागिरीकडून ऊसमळ्यात मजुरीला आला. बंदरावर कारकुनाने नाव विचारलं, त्याने सखाराम सांगितलं. आडनाव लिहायचं राहिलं. मग मुलांचं तेच आडनाव झालं. खरं काय होतं, कुणाला माहीत नाही. तुम्हाला दोन-दोन नावं आहेत मॅडम. आमच्याकडे अर्धंच."

त्यांनी प्रमाणपत्राची प्रत काढून करारपत्राला जोडली. चालकाच्या रकान्यात लिहिलं, कुंदा विठ्ठल घाग. प्रवाशाच्या रकान्यात प्रदीप तावडे. चावी देताना बजावलं, "पोलिसांनी अडवलं तर ते तुमच्या मिस्टरांनाही विचारतील. दोघांनी एकच सांगा. वेगवेगळं सांगितलंत तर गाडी तिथेच राहील."

"मी खोटं सांगणार नाही," हे तोंडातल्या तोंडात म्हणाले.

"त्यात खोटं काय आहे?" मी म्हटलं.

डिपरची भाषा

पुढचे दोन दिवस हे माझ्याशी फक्त नकाशापुरतं बोलले. "डावीकडे." "सरळ." "गोल येतोय."

गोल म्हणजे चौकातली गोल बेटं. तिथे नियम सोपा आहे: उजवीकडून गोलात फिरत येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे जो आधी नाक घालेल त्याचा गोल. पहिल्या दिवशी मी सवयीने नाक घातलं, आणि समोरचा इसम काच खाली करून माझ्याकडे नुसता बघत राहिला. शिवी नाही, हॉर्न नाही. त्या नजरेने मी सुधारले. तिथे हॉर्न वाजवणं म्हणजे कुणाच्या तरी घरी जाऊन ओरडण्यासारखं आहे. अर्धा दिवस माझा अंगठा नुसता शिवशिवत होता.

खरी गंमत झाली ती उसाच्या शेतांमधल्या एका अरुंद पुलावर. समोरून छोटा ट्रक आला आणि त्याने दिवे मारले. लालबागमध्ये डिपर मारणं म्हणजे "मी येतोय, बाजूला हो." म्हणून मी शहाण्यासारखी थांबले. तो येईना. पुन्हा दिवे मारले. मी पुन्हा हात जोडून थांबले. तिसऱ्यांदा दिवे. मी म्हटलं, "काय माजोरडा माणूस आहे, रस्ता दिला तरी घाई करतोय!" शेवटी तो उतरून चालत आला, टोपी काढली आणि नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही आधी जा म्हणून मी मघापासून सांगतोय." तिथे दिवे मारणं म्हणजे "आधी तुम्ही." भाषा तीच, अर्थ बरोब्बर उलटा.

ह्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हसत होते, पण मला दाखवायचं नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. सीटबेल्ट पुढच्यांनी आणि मागच्यांनीही लावायचा. वेगाची पाटी दिसली की तिच्यावर विश्वास ठेवायचा, कारण पुढे कॅमेरा असू शकतो. लायसन्स आणि गाडीचे कागद जवळच ठेवायचे, हॉटेलात नाही. आणि सरळ जायचं असताना चारही इंडिकेटर लावायचे नाहीत. ही आपल्याकडचीच कला आहे, तिथे लोकांना वाटतं गाडी बंद पडली. दोघांनी थांबून मला विचारलं, धक्का देऊ का.

खाणं मात्र आपलं वाटावं असं. रस्त्याच्या कडेला दालपुरी मिळते. पुरणपोळी करायला घेतली आणि गूळ घालायचा विसरलो तर जे होईल ते, वर चांगल्या मोठ्या वालांची उसळ आणि मिरचीची चटणी. ह्यांनी चार खाल्ल्या. रागावलेला माणूस चार खात नाही, म्हणून माझा जीव थोडा भांड्यात पडला.

पोर्ट लुईस

तिसऱ्या दिवशी राजधानीच्या बंदरावर गेलो. ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून आणलेले मजूर ज्या घाटावर उतरले तो घाट जपून ठेवला आहे. दगडी पायऱ्या आहेत, थोड्याशा, झिजलेल्या. एवढ्या लांबून बोटीने आलेली माणसं या चार पायऱ्या चढली आणि बहुतेक पुन्हा उतरलीच नाहीत. तिथे पायऱ्यांना हात लावून नमस्कार करणाऱ्या एक बाई दिसल्या, मीही केला.

शेजारच्या दालनात जुन्या नोंदवहीच्या पानांच्या प्रती लावल्या होत्या. मी पुढे गेले. बऱ्याच वेळाने मागे पाहिलं तर हे एका पानासमोर तसेच उभे. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण. नावं एकेका शब्दाची. खाली-वर पाहिलं तर अक्षर सुंदर होतं, ह्यांच्यासारखंच.

"घाईत असणार," हे म्हणाले. दोन दिवसांनी पहिलं पूर्ण वाक्य. "बोट भरून माणसं आलेली. रकाना छोटा. मीही लिहिलंय असं. 'पूर्ण नाव सांगा' म्हणायचा कंटाळा येतो, मग समोरचा सांगेल तेवढं." थोडं थांबून म्हणाले, "आणि त्या काउंटरवरच्या बाई अजून शोधतायत."

बाहेर गाडीत बसल्यावर मी चावी फिरवली नाही. विचारायचंच होतं, एकतीस वर्षं राहिलं होतं. "अहो, प्रतिभा हे नाव तुम्ही का निवडलंत?"

"मी कुठे निवडलं? आत्याने सांगितलं. ताट पुढे आलं, सगळे ओरडत होते, लिही लिही. मी लिहिलं." त्यांनी समोरच्या काचेकडे बघत विचारलं, "तुला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मलाही नाही."

इतकी वर्षं मी त्या तांदळातल्या अक्षरांवर ह्यांचीच सही आहे असं धरून चालले होते. मला ह्यांचा राग होता, हे मला तिथे, त्या पार्किंगमध्ये कळलं, आणि तो कळेपर्यंत निम्मा उतरलाही होता. मी चावी फिरवली. पुन्हा "डावीकडे" आणि "सरळ."

पश्चिमेचा रस्ता

चौथ्या दिवशी ज्याची धास्ती होती तेच झालं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि वळणावर पोलीस. हात वर करून त्याने आम्हाला थांबवलं. नेहमीचीच तपासणी होती.

मी लायसन्स, करारपत्र आणि पासपोर्ट दिला. तो वाचत राहिला. "कुंदा?" मी म्हटलं, "हो." त्याने पासपोर्ट वर धरला. "मग ही प्रतिभा कोण?" मी मराठी प्रमाणपत्र पुढे केलं, पण त्याला देवनागरी येत नव्हती. तो वळसा घालून पलीकडच्या खिडकीशी गेला आणि ह्यांना विचारलं, "सर, गाडी कोण चालवतंय?"

हे खाली उतरले. शर्ट नीट खोचला. फाईल उघडली. कप्पे चाळले, तिकीट, बुकिंग, प्रवासाचा विमा. सगळीकडे प्रतिभा. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस नियमाप्रमाणे बोलणार, आणि गाडी इथेच उसात राहणार.

ह्यांनी फाईल मिटली आणि काखेत घेतली. आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत, एकेक शब्द तोलून, ते जे म्हणाले त्याचा अर्थ असा: "साहेब, ही माझी बायको कुंदा. गाडी तीच चालवते, तिच्या वडिलांनी शिकवली. प्रतिभा हे नाव आम्ही तिला लग्नात दिलं. तिला न विचारता."

पोलिसाने करारपत्राला जोडलेली प्रत, फोटो, माझा चेहरा सगळं पुन्हा एकदा जुळवलं आणि कागद परत दिले. "ठीक आहे," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "फक्त दोघींनी मिळून साठच्या वर जाऊ नका."

गाडी निघाल्यावर मी एकदा ह्यांच्याकडे वळून पाहिलं. हे म्हणाले, "समोर बघ. गोल येतोय."

परतीच्या दिवशी देवीबाईंना चावी दिली, आणि उरलेली मसाल्याची सगळी पाकिटंही. रत्नागिरीच्या मिरचीची आहेत का, त्यांनी विचारलं. मिरची ब्याडगीची होती. तरी मी हो म्हटलं. दुसरं खोटं.

लालबाग

आल्यावर चार दिवसांनी गल्लीत माल भरत होते. डंकावर बायकांची रांग, मागे हातगाडी, सगळं आपल्या जागी. तेवढ्यात वरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक आली. आमचे हे, जे चारचौघांत मला "अगं"च्या पुढे कधी गेले नाहीत, ते कठड्यावरून वाकून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडत होते.

"कुंदा! ए कुंदा! लायसन्स विसरलीस!"

आणि रुमालात बांधलेलं कार्ड वरून खाली आलं. डंकावरच्या बायकांनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारची मिरचीवाली म्हणाली, "तावडेवहिनी, ही कुंदा कोण?"

"आमची ड्रायव्हर," मी म्हटलं, आणि व्हॅन रिव्हर्सला टाकली.